हाताने माउंट होतं, बूट होताना नाही: एनएफएस शेअर आणि त्यावर बसवलेला ओव्हरले

प्रश्न थोडक्यात असा. दोन लिनक्स मशीन आहेत, दोन्हींची एफएसटॅब फाइल (बूट होताना काय कुठे माउंट करायचं, म्हणजे जोडायचं, याची यादी) अक्षरशः सारखी. एनएफएस शेअर, म्हणजे नेटवर्कवरच्या सर्व्हरची डिरेक्टरी, /भांडार वर माउंट होतो. त्यातली /भांडार/मूळ ही डिरेक्टरी खालचा थर, स्थानिक डिस्कवरची /स्थानिक/वरचा ही वरचा थर, आणि दोन्ही मिळून ओव्हरले, म्हणजे दोन थर एकत्र करून एकच डिरेक्टरी दाखवणारी फाइलसिस्टिम, /एकत्र वर बसतो. पहिलं मशीन बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये (दुरुस्तीपुरत्या किमान अवस्थेत) जाऊन थांबतं. दुसरं व्यवस्थित सुरू होतं, पण /एकत्र उघडून पाहिलं तर शेअरमधली एकही फाइल तिथे नसते. पहिल्यावर ओव्हरलेची ओळ बंद करून बूट केलं आणि नंतर हाताने माउंट केलं, की सगळं सुरळीत चालतं. दुसऱ्यावर ओव्हरले काढून पुन्हा लावावा लागतो. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ३० सेकंदांचा स्लीप घालून झाला, फरक पडला नाही.

एक सूचना आधी: आज्ञा, पर्याय आणि लॉगमधले संदेश मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. फायलीत घालताना त्यांची मूळ स्पेलिंगच वापरायची.

तुमच्या दोन्ही मशीनवर बिघाड एकच आहे, दिसतो मात्र वेगवेगळा. सिस्टिमडीला (मशीन सुरू करणाऱ्या आणि सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) तुमचा ओव्हरले नेटवर्कवर अवलंबून आहे हे माहीतच नाही. ते त्याला साधी स्थानिक फाइलसिस्टिम समजतं आणि नेटवर्क उठायच्या कितीतरी आधी माउंट करायला जातं. स्लीपचा उपयोग होत नाही तो याचसाठी: तुमची स्क्रिप्ट चालते तोपर्यंत चूक घडून गेलेली असते.

सिस्टिमडी असलेल्या मशीनवर एफएसटॅब फाइल वरून खाली, ओळीने वाचून माउंट होत नाही. बूटच्या अगदी सुरुवातीला एफएसटॅब-जनरेटर नावाचा छोटा प्रोग्राम प्रत्येक ओळीचं एक माउंट युनिट (सिस्टिमडीला कळणारी कामाची फाइल) बनवतो, आणि पुढे ती युनिट्स डिपेन्डन्सी पाहून, जमेल तितकी एकाच वेळी, सुरू होतात. म्हणजे एनएफएसची ओळ वर आणि ओव्हरलेची खाली लिहिली, याला काहीही अर्थ उरत नाही. जुन्या इनिट स्क्रिप्टांच्या काळात तो होता. त्या काळापासून काम करणाऱ्यांची ही सवय अजून सुटत नाही. माझीही सुटायला वेळ लागला.

जनरेटर प्रत्येक ओळ दोनपैकी एका गटात टाकतो: लोकल-एफएस टार्गेट किंवा रिमोट-एफएस टार्गेट. टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा. एनएफएस, सीआयएफएस, सेफ, ग्लस्टर अशा नेटवर्कवरच्या प्रकारांची नावं तो ओळखतो आणि त्यांना रिमोट गटात घालतो. त्या युनिट्सना नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटनंतरच सुरू व्हायचं, अशी अट आपोआप लागते. तुमच्या ओव्हरलेच्या ओळीत प्रकार आहे ‘ओव्हरले’, उपकरणाच्या जागी नुसतं एक नाव, आणि खालच्या-वरच्या थरांचे पत्ते पर्यायांच्या रांगेत. लोअरडर (खालचा थर) आणि अपरडर (वरचा थर) यांच्यापुढचे पत्ते सिस्टिमडी वाचत नाही. ते फक्त कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, असतात. त्यामुळे ओव्हरले जातो लोकल गटात, आणि त्याच्या पोटात एनएफएस आहे हे कुणालाच कळत नाही.

आता पहिलं मशीन. ओव्हरले माउंट करायची वेळ येते तेव्हा /भांडार ही एक रिकामी डिरेक्टरी असते. शेअर यायचा असतो. /भांडार/मूळ अस्तित्वातच नाही, म्हणून कर्नल नाही म्हणतो. लॉगमध्ये ‘ओव्हरलेएफएस: फेल्ड टु रिझॉल्व्ह’ आणि शेवटी उणे २ हा आकडा दिसेल. २ म्हणजे ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’. लोकल-एफएस टार्गेटचं एक जरी आवश्यक माउंट फसलं, तरी सिस्टिमडी इमर्जन्सी मोडला जातं. रिमोट-एफएस टार्गेटचं तसं नाही. तिथलं माउंट फसलं तर लाल ओळ उमटते आणि बूट पुढे चालू राहतो. एकटा एनएफएस शेअर न मिळाल्यामुळे मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाता कामा नये. तसं होत असेल, तर नेटवर्कवरची कुठली तरी गोष्ट लोकल गटात शिरली आहे असं समजा आणि ती शोधा.

दुसऱ्या मशीनवर तोच ओव्हरले यशस्वी कसा झाला? कारण तिथे शेअरच्या खाली, मूळ डिस्कवर, /भांडार/मूळ नावाची डिरेक्टरी खरोखर पडलेली आहे. कधीतरी शेअर माउंट नसताना एखादी स्क्रिप्ट चालली असेल, आणि तिने ‘डिरेक्टरी नसेल तर बनव’ असं करून ती बनवली असेल. शेअर माउंट झाला की ती झाकली जाते, म्हणून तुम्हाला कधी दिसली नाही. बूटच्या वेळी ओव्हरलेला तीच रिकामी डिरेक्टरी मिळाली आणि तिलाच खालचा थर मानून तो बसला. नंतर एनएफएस आला, /भांडार वर चढला, पण ओव्हरलेला त्याचा पत्ता नाही. माउंट होताना ओव्हरले आपल्या थरांची खासगी प्रत पकडून ठेवतो. त्यानंतर त्या जागेवर काय माउंट झालं हे त्याला दिसत नाही. याच कारणाने खालच्या थराच्या आत आणखी एखादी फाइलसिस्टिम माउंट केलेली असेल, तर तिच्यातलंही ओव्हरलेमधून दिसत नाही, तिथे रिकामी डिरेक्टरीच दिसते.

हे तपासायला शेअर काढायची गरज नाही. मूळ फाइलसिस्टिम दुसऱ्या एखाद्या रिकाम्या जागी बाइंड माउंट करा (तीच फाइलसिस्टिम दुसऱ्या पत्त्यावरही दिसते), साधा बाइंड, आरबाइंड नको. मग त्या जागेखालची ‘भांडार’ डिरेक्टरी उघडा. साध्या बाइंडमध्ये वर चढलेली माउंट्स येत नाहीत, त्यामुळे झाकलेली जमीन स्वच्छ दिसते. कित्येकदा तिथे नुसती डिरेक्टरी नसते, गीगाबाइट्सच्या गीगाबाइट्स फायली असतात. माझ्या देखरेखीखालच्या एका सर्व्हरवर रात्रीचा बॅकअप आठवडाभर अशा झाकलेल्या जागेत लिहीत राहिला होता. मूळ डिस्क भरली तेव्हा कळलं, आणि डीयू ही जागा मोजणारी आज्ञा सांगे की डिस्कवर एवढं काही नाहीच.

मला या दोन मशीनपैकी दुसऱ्याची काळजी जास्त वाटते. पहिलं निदान थांबून तुम्हाला हाक मारतं. दुसरं गप्प राहून चुकीच्या जागी काम करत राहतं, आणि त्याने केलेलं नुकसान दुरुस्तीनंतरही मागे उरू शकतं. समजा, खालचा थर रिकामा असताना एखाद्या प्रोग्रामने /एकत्र मध्ये ‘नोंदी’ नावाची डिरेक्टरी बनवली. ती वरच्या थरात बनते, आणि ओव्हरले तिच्यावर ‘अपारदर्शक’ अशी खूण ठेवू शकतो, म्हणजे खाली याच नावाचं काही असलं तरी पाहू नकोस. पुढे तुम्ही माउंटचा क्रम सुधारला, शेअर नीट आला, तरी शेअरमधली खरी ‘नोंदी’ या रिकाम्या डिरेक्टरीआड दडलेलीच राहते. माणूस मग सर्व्हरवर, परवानग्यांवर, नेटवर्कवर संशय घेत फिरतो. म्हणून दुसऱ्या मशीनवर क्रम सुधारायच्या आधी ओव्हरले काढा आणि रूट म्हणून /स्थानिक/वरचा मधल्या डिरेक्टऱ्यांवर जादा खुणा दाखवणारी आज्ञा गेटएफअ‍ॅट्र चालवून पाहा. रूटच हवं, कारण या खुणा ‘ट्रस्टेड’ नावाच्या विभागात असतात आणि इतरांना दिसत नाहीत. ट्रस्टेड.ओव्हरले.ओपेक या नावापुढे ‘वाय’ दिसला, तर ती डिरेक्टरी अपारदर्शक आहे. आत हवं असलेलं काही असेल ते बाजूला काढून ठेवा, मग डिरेक्टरी हटवा किंवा सेटएफअ‍ॅट्रने ती खूण पुसा. हे सगळं ओव्हरले माउंट नसतानाच करायचं. माउंट असताना थरांना थेट हात लावला तर काय होईल याची कर्नल हमी देत नाही.

आता दुरुस्ती. ओव्हरलेच्या ओळीत तीन गोष्टी वाढवायच्या. पहिली, _नेटडेव्ह, अंडरस्कोरसह. यामुळे ओव्हरले रिमोट गटात जातो. दुसरी, एक्स-सिस्टिमडी.रिक्वायर्स-माउंट्स-फॉर=/भांडार. यामुळे शेअर माउंट झाल्याशिवाय ओव्हरले सुरू होत नाही, आणि शेअर फसला तर ओव्हरलेही लटकत न राहता फसल्याचं सांगतो. तिसरी, तोच पर्याय पुन्हा एकदा, /स्थानिक साठी. वरचा थर वेगळ्या डिस्कवर असेल, तर ती डिस्क माउंट व्हायच्या आधीच ओव्हरले बसण्याची शक्यता तेवढीच असते. नेटवर्कच्या गडबडीत हे बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतं. ओळ अशी होईल (वर्कडर ही ओव्हरलेची स्वतःची कामाची जागा, नोफेलबद्दल पुढे सांगतो):

ओव्हरले /एकत्र ओव्हरले _नेटडेव्ह,नोफेल,लोअरडर=/भांडार/मूळ,अपरडर=/स्थानिक/वरचा,वर्कडर=/स्थानिक/काम,एक्स-सिस्टिमडी.रिक्वायर्स-माउंट्स-फॉर=/भांडार,एक्स-सिस्टिमडी.रिक्वायर्स-माउंट्स-फॉर=/स्थानिक ० ०

फाइल जतन केल्यावर सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड चालवायला विसरू नका. ते केलं नाही, तर सिस्टिमडीच्या डोक्यात जुनीच युनिट्स राहतात, आणि आपण नवी ओळ तपासतो आहोत असं समजून जुनीच तपासत बसतो. मग फाइंडमाउंट --व्हेरिफाय चालवा. न सापडणारी माउंटची जागा किंवा ओळखता न येणारा प्रकार अशा उघड चुका तो तिथेच दाखवतो. सिस्टिमसीटीएल कॅट आणि त्यापुढे माउंट युनिटचं नाव दिलं, की जनरेटरने खरंच काय बनवलं ते समोर येतं. त्यात ‘ऑप्शन्स’समोर _नेटडेव्ह आहे आणि दोन्ही जागा ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’मध्ये आहेत, एवढं डोळ्यांनी पाहून घ्या. पर्याय लिहिले म्हणजे पोचले, असं धरून चालू नका. युनिटचं नाव पत्त्यावरून बनतं आणि पत्त्यातल्या तिरक्या रेघांच्या जागी आडव्या रेघा येतात. पत्त्यात मुळातच आडवी रेघ किंवा वेगळं अक्षर असेल, तर नाव विचित्र दिसतं. अंदाज बांधण्यापेक्षा सिस्टिमडी-एस्केप या आज्ञेकडून नाव बनवून घ्यावं.

या तिन्हींपैकी _नेटडेव्ह सोडून फक्त रिक्वायर्स-माउंट्स-फॉर घालणारे पुष्कळ असतात, आणि त्यातून आधीपेक्षा मोठा गोंधळ होतो. हा सापळा नीट समजून घ्या. ओव्हरले लोकल गटात आहे, म्हणजे तो लोकल-एफएस टार्गेटच्या आधी पूर्ण व्हायला हवा. त्याला हवा एनएफएस. एनएफएसला हवं नेटवर्क-ऑनलाइन. नेटवर्क ऑनलाइन होण्यासाठी नेटवर्कमॅनेजर चालू हवा. नेटवर्कमॅनेजरला हवं सिसइनिट टार्गेट, आणि सिसइनिटला हवं लोकल-एफएस. वर्तुळ पूर्ण झालं. सिस्टिमडी अशा वेळी लॉगमध्ये ‘फाउंड ऑर्डरिंग सायकल’ असं लिहितं आणि वर्तुळ तोडण्यासाठी त्यातलं एखादं काम काढून टाकतं. काढलेलं काम ओव्हरलेचंच असेल असं नाही. आज नेटवर्क उठत नाही, उद्या भलतीच सर्व्हिस बंद सापडते, अशी लक्षणं दिसू लागतात आणि माणूस पार भलतीकडे शोधत जातो. जर्नलसीटीएल -बी मध्ये ‘सायकल’ हा शब्द शोधायला दहा सेकंद लागतात. बूटची कुठलीही विचित्र तक्रार आली की मी हा शोध सगळ्यात आधी घेतो.

एनएफएसमधल्या एखाद्या डिरेक्टरीचा बाइंड माउंट किंवा एनएफएसवर ठेवलेल्या स्क्वॅशएफएस इमेजचा (एकाच फायलीत बांधलेल्या फाइलसिस्टिमचा) लूप माउंट, यांनाही हेच लागू आहे. तिथे स्रोताचा पत्ता थेट ओळीत असल्यामुळे सिस्टिमडी शेअरवरची डिपेन्डन्सी स्वतः ओळखतं, पण गट मात्र लोकलच ठेवतं. म्हणजे वर्तुळ आयतं तयार. _नेटडेव्ह हाताने घालावंच लागतं. आयस्कझीवरच्या (नेटवर्कवरून जोडलेल्या) डिस्कचंही तसंच: प्रकार दिसतो ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस, आणि त्यावरून नेटवर्कचा वास कुणालाच येत नाही.

नोफेलबद्दल थोडं. तो घातला की माउंट ‘आवश्यक’ राहत नाही, ‘हवंहवंसं’ होतं, आणि टार्गेट त्याच्यासाठी थांबतही नाही. मशीन चालू राहणं महत्त्वाचं असेल तर तो हवा. पण त्याची किंमत समजून घ्या: /एकत्र वापरणारी सर्व्हिस आता ओव्हरले बसायच्या आधीच सुरू होऊ शकते. म्हणून अशा प्रत्येक सर्व्हिसच्या युनिटमध्ये ड्रॉप-इन (मूळ युनिटला जोडलेली छोटी पुरवणी फाइल) करून रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एकत्र ही ओळ घालायलाच हवी. सिस्टिमसीटीएल एडिट वापरलं की ड्रॉप-इन योग्य जागी बनतो. डेटाबेस किंवा कंटेनर चालवणारी सर्व्हिस रिकाम्या जागेवर सुरू होऊन तिथेच नवा कोरा डेटा मांडून बसते, याहून वाईट सकाळ कामावर क्वचितच उगवते.

आणखी एक साधा उपाय मी प्रत्येक मशीनवर करतो. काहीही माउंट नसताना रिकाम्या /भांडार आणि /एकत्र या डिरेक्टऱ्यांना चॅट्र +आय लावून ठेवतो. ‘इम्यूटेबल’ झालेल्या डिरेक्टरीत रूटलाही काही लिहिता येत नाही, पण तिच्यावर माउंट करायला अडचण येत नाही. शेअर आला नाही तर लिहू पाहणारा प्रोग्राम तिथल्या तिथे त्रुटी देतो. तुमच्या दुसऱ्या मशीनवर हे केलेलं असतं, तर ती झाकलेली ‘मूळ’ डिरेक्टरी बनलीच नसती. आधी ती काढा, मग हे लावा.

क्रम नीट बसवूनही काही वेळा एनएफएस फसतोच. तेव्हा ‘ऑनलाइन’ या शब्दाकडे बघावं लागतं. नेटवर्क टार्गेट आणि नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा अर्थ एवढाच, की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला. पत्ता मिळाला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याचा खरा उपयोग मशीन बंद करताना होतो, तेव्हा क्रम उलटा चालतो. दुसरा खरोखर थांबतो, पण त्याच्यासाठी थांबणारी सर्व्हिस चालू असली तरच. नेटवर्कमॅनेजर वापरत असाल तर नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन, सिस्टिमडी-नेटवर्कडी वापरत असाल तर त्याची वेट-ऑनलाइन. बूट लवकर व्हावा म्हणून कुणीतरी ती बंद केलेली असते, आणि मग ‘ऑनलाइन’ टार्गेट क्षणात गाठलं जातं, नेटवर्क असो वा नसो. उलट प्रकारही होतो: दोन्ही चालू, वापरात एकच. मग वापरात नसलेली वेट-ऑनलाइन वेळ संपेपर्यंत ताटकळत ठेवते. नेटवर्कडीची ती मुदत १२० सेकंद असते. तिला सांभाळायला दिलेल्या एखाद्या पोर्टला केबलच नसली, तरी ती त्या पोर्टची वाट पाहू शकते. अशा पोर्टच्या नेटवर्क फायलीत रिक्वायर्डफॉरऑनलाइन=नो लिहावं.

वायफायवर असाल, तर पासवर्ड वापरकर्त्याच्या कीरिंगमध्ये आहे का ते पाहा. तसं असेल तर लॉगइन होईपर्यंत जोडणीच होत नाही, आणि बूटच्या वेळी कुठलाच नेटवर्क माउंट शक्य नाही. जोडणी सर्व वापरकर्त्यांसाठी करा, म्हणजे पासवर्ड मशीनपाशी राहतो.

पत्ता मिळाला, ऑनलाइन झालं, तरी पाकिटं जात नाहीत असंही होतं. त्याचं एक कारण मशीनमध्ये नसतंच, स्विचमध्ये असतं. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (जोडण्यांचं वर्तुळ होऊ नये म्हणून स्विच करतो ती तपासणी) चालू असेल, तर केबलमध्ये लिंक आल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, आणि मगच पाकिटं पुढे पाठवतो. मशीनचा पत्ता स्थिर असेल, तर मशीन लिंक येताच ऑनलाइन झाल्याचं सांगतं आणि एनएफएस पुढचा अर्धा मिनिट भिंतीवर डोकं आपटतो. डीएचसीपी असेल तर हे झाकलं जातं, कारण पत्ताच उशिरा मिळतो. उपाय स्विचवर करायचा: मशीनला जोडलेला पोर्ट ‘एज’ किंवा ‘पोर्टफास्ट’ करून घ्या. ते हातात नसेल, तर एक छोटी वनशॉट सर्व्हिस लिहा. तिने सर्व्हरच्या २०४९ पोर्टवर टीसीपी जोडणी होते का ते दर सेकंदाला पाहायचं, झाली की यशस्वी होऊन संपायचं, आणि ठरावीक वेळेनंतर हार मानायची. एनएफएसच्या ओळीत एक्स-सिस्टिमडी.रिक्वायर्स= पुढे तिचं नाव द्या; या पर्यायातून ‘हवी’ आणि ‘नंतर’ अशा दोन्ही अटी लागतात. आंधळ्या स्लीपपेक्षा हे शंभर पटींनी चांगलं, कारण ते वेळेची नाही, प्रत्यक्ष घटनेची वाट पाहतं. माउंट युनिटला सर्व्हिससारखं ‘फसलं तर पुन्हा सुरू कर’ असं सांगता येत नाही, म्हणून ही आधीची चाचणी उपयोगी पडते.

सर्व्हरचं नाव डीएनएसवरून शोधलं जात असेल, तर तीही एक कमकुवत कडी. जोडणी लागत नसेल तर एनएफएस काही काळ प्रयत्न करत राहतो, पण नावच उलगडलं नाही तर तो सहसा लगेच हात टेकतो. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ लॉगमध्ये दिसलं, तर सर्व्हरचं नाव आणि आयपी होस्ट्स फायलीत लिहून टाका. कर्बेरॉस (ओळख पटवण्याची पद्धत) वापरत असाल तर ओळीत थेट आयपी लिहू नका, तिथे नावच लागतं.

बीजी हा एनएफएसचा जुना पर्याय अनेक ठिकाणी सुचवलेला दिसतो. सिस्टिमडीखाली त्याचा अर्थ बदलतो: जनरेटर त्याचं रूपांतर अमर्याद मुदत, दीर्घकाळ पुन्हा पुन्हा प्रयत्न आणि नोफेल असं करतो. एकट्या शेअरसाठी हे वाईट नाही. त्यावर ओव्हरले बसवलेला असताना मात्र ओव्हरलेही तेवढाच वेळ लटकून राहतो, हे लक्षात ठेवा.

शेअर रोज लागत नसेल, तर एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट हा मला सगळ्यात शांत मार्ग वाटतो. कुणी त्या जागेला हात लावेल तेव्हाच माउंट होतं, बूट कशासाठीही अडत नाही. थर असतील तिथे तो सर्वांत वरच्या थराला, म्हणजे ओव्हरलेच्या ओळीला, नोऑटोसोबत (‘बूटच्या वेळी माउंट करू नकोस’) लावावा. ओव्हरलेला हात लागला की तो स्वतःच डिपेन्डन्सीमधून एनएफएसला उठवतो. दोष एवढाच, की शेअर बंद असेल तेव्हा पहिला हात लावणारा प्रोग्राम मुदत संपेपर्यंत अडकून पडतो.

लॉग वाचताना तीन वाक्यं वेगळी ओळखायला शिका. ‘फेल्ड टु माउंट’ म्हणजे प्रयत्न झाला आणि फसला. खरं कारण त्याच युनिटच्या लॉगमध्ये सापडेल. ‘डिपेन्डन्सी फेल्ड फॉर’ म्हणजे या युनिटला हातच लागला नाही, आधीचं कुणीतरी पडलं. त्याच्या मागे जा. ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर डिव्हाइस’ म्हणजे उपकरण ठरलेल्या ९० सेकंदांत दिसलंच नाही. बहुतेकदा यूयूआयडी (डिस्कचा ओळख-क्रमांक) चुकलेला, किंवा आयस्कझीला _नेटडेव्ह नाही. लाल ओळींपैकी शेवटची नव्हे, वेळेनुसार सगळ्यात पहिली पाहायची. जर्नलसीटीएलला -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक दिलं, की बूट सुरू झाल्यापासूनचे सेकंद दिसतात आणि कोण आधी पडलं ते स्पष्ट होतं.

माउंटचे इतर संदेश भराभर सांगतो. ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ एनएफएसवर आलं, तर सुपरब्लॉक शोधत बसू नका, माउंट.एनएफएस हा मदतनीस प्रोग्रामच बसवलेला नसतो. डेबियन कुळात त्याचं पॅकेज एनएफएस-कॉमन, रेड हॅट कुळात एनएफएस-युटिल्स. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड बाय सर्व्हर’ म्हणजे नेटवर्क ठीक, सर्व्हरच्या एक्सपोर्ट यादीत तुमचा आयपी नाही. ‘आरपीसी.स्टॅटडी इज नॉट रनिंग’ आलं तर तुम्ही आवृत्ती ३ वर आहात. आवृत्ती ४ ला त्याची गरज नाही आणि फायरवॉलमध्ये एकच २०४९ पोर्ट पुरतो. सीआयएफएसवर (विंडोज पद्धतीच्या शेअरवर) ‘होस्ट इज डाउन’, क्रमांक ११२, दिसलं आणि पिंग चालत असेल, तर एसएमबी आवृत्तीचा घोळ समजा. कर्नल ४.१३ पासून जुनी १.० आवृत्ती मूळ निवड राहिलेली नाही, आणि जुनी उपकरणं नवी आवृत्ती बोलत नाहीत. १३ म्हणजे परवानगी नाही. क्रेडेन्शियल्स फाइल तपासा. एसएसएचएफएस (एसएसएच जोडणीवरून होणारा माउंट) बूटच्या वेळी रूटच्या नावाने चालतो, तुमच्या नाही. रूटची स्वतःची किल्ली आणि सर्व्हरची ओळख नोंदलेली हवी.

ओव्हरलेचे संदेश कर्नल लॉगमध्ये, डीमेसेजमध्ये येतात. माउंट आज्ञेचा स्वतःचा संदेश तिथे फारसा उपयोगी नसतो. ‘वर्कडर अँड अपरडर मस्ट रिसाइड अंडर द सेम माउंट’ याचा अर्थ दोन्ही एकाच फाइलसिस्टिमवर आणा. दोघांपैकी एक वेगळ्या ठिकाणी असेल, तर हे दिसतं. ‘नॉट सपोर्टेड अ‍ॅज अपरडर’ म्हणजे वरचा थर अशा फाइलसिस्टिमवर ठेवला आहे जी ते काम करू शकत नाही. एनएफएस खालचा थर होऊ शकतो, वरचा नाही. यात पळवाट शोधू नका. ‘इन-यूज’ असं आलं, तर तोच वरचा थर दुसऱ्या ओव्हरलेनेही धरला आहे, बहुधा आधीच्या अर्धवट प्रयत्नाने. आणि ‘स्टेल फाइल हँडल’ ओव्हरले बसवतानाच आलं, तर वरचा थर पूर्वी वेगळ्या खालच्या थरासोबत वापरलेला असतो आणि इंडेक्स हा ओव्हरलेचा पर्याय चालू असल्याने कर्नल ते ओळखतो.

यावरून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. तुमच्या शेअरवर दुसरं कुणी लिहीत असेल, तर ही रचना मुळातच धोक्याची आहे. ओव्हरले चालू असताना खालचा थर बदलला, तर काय दिसेल हे निश्चित नसतं: एखाद्या फाइलची जुनी प्रत, एखादी दिसेनाशी, एखादी चुकीच्या त्रुटीसह. मशीन कोसळत नाही, पण उत्तरं विश्वासार्ह राहत नाहीत. /भांडार/मूळ ही गोठवलेली, केवळ वाचण्याची जागा ठेवा. नवी आवृत्ती द्यायची असेल तर नव्या नावाची डिरेक्टरी बनवा, वरचा थर नव्याने कोरा सुरू करा आणि ओव्हरले पुन्हा लावा.

पहिलं मशीन आत्ता इमर्जन्सी मोडमध्ये अडकलेलं असेल आणि ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’ म्हणून तेही दार बंद असेल, तर बूटलोडरमध्ये कर्नलच्या ओळीच्या शेवटी एफएसटॅब=नो लिहून बूट करा. एफएसटॅबमधलं काहीच माउंट होणार नाही, पण मूळ फाइलसिस्टिम कर्नलच्या ओळीवरूनच येते, त्यामुळे सहसा नेहमीच्या खात्याने आत शिरता येतं. होम वेगळ्या विभाजनावर असेल तर ती डिरेक्टरी रिकामी दिसेल, घाबरू नका. मूळ फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती असेल तर रीमाउंट करून लिहिण्याजोगी करा, ओव्हरलेची ओळ दुरुस्त करा आणि पुन्हा बूट करा.

दुरुस्तीनंतरची चाचणी माउंट -ए ने करू नका. ती तुमच्याकडे आधीही यशस्वी होत होती, कारण तेव्हा नेटवर्क उठलेलं असतं. मशीन प्रत्यक्ष रीबूट करा, आणि एकदा मुद्दाम नेटवर्कची केबल काढून रीबूट करा. दुसऱ्या वेळी मशीन लॉगइनपर्यंत यायला हवं, /एकत्र माउंट नसायला हवा, आणि त्यावर अवलंबून असलेली सर्व्हिस ‘डिपेन्डन्सी फेल्ड’ म्हणत बंद असायला हवी. मग केबल जोडून सर्व्हिस सुरू करा: ओव्हरले आणि एनएफएस दोन्ही तिच्यामागून आपोआप चढले पाहिजेत. शेवटी मशीन बंद करून पाहा. बंद होताना ९० सेकंद अडकत असेल, तर अजून एखादं माउंट लोकल गटात राहिलं आहे आणि नेटवर्क गेल्यानंतर ते सुटायची धडपड करतं आहे. फाइंडमाउंटच्या यादीत /भांडार खालचे बाइंड आणि लूप माउंट्स एकेक करून तपासा.